पाळलेल्या जिवाचा हिशेब : श्वानांची नसबंदी आणि श्रावकाचा विवेक

भुलेश्वर, काळबादेवी आणि पायधुनीच्या चाळींतून जैन व्यापारी कुटुंबे घाटकोपर, मुलुंड, अंधेरी आणि बोरिवली येथे स्थिरावली, तेव्हा त्यांच्याबरोबर देरासरे, उपाश्रय आणि पाठशाळा उपनगरांत आल्या. स्वयंपाक होताच मुक्या जिवासाठी एक पोळी बाजूला काढण्याची रीतही आली. त्या काळी कुत्रा गल्लीचा असे. पोळी देणाऱ्याचे कर्तव्य पोळीपाशी संपे. कुत्र्याचे जगणे, मरणे आणि वाढणे गल्लीच्या स्वाधीन होते. आता तोच प्राणी उंबरठा ओलांडून सदनिकेत आला आहे. मुलांच्या हट्टाखातर किंवा एकट्या पडलेल्या आजोबांना सोबत म्हणून लॅब्रॅडॉर, पग, शिह त्झू, तर कुठे रस्त्यावरून उचललेले देशी पिल्लू घरात वाढते आहे. त्याचे नाव ठेवले जाते, वाढदिवस होतो, आजारपणात रात्री जागवल्या जातात.

घरात घेतलेल्या जिवाची जबाबदारी मात्र पोळीपाशी संपत नाही. अन्न, लस, औषध यांविषयी कुटुंबात दुमत नसते. पशुवैद्य नसबंदीचे नाव काढतात तेव्हा घर थबकते. 'मुक्या जिवाचे अंग कापायचे, आणि तेही आपल्या घरात?' असा एक प्रश्न येतो. 'बिचारीला एकदा तरी आई होऊ द्यावे' असा दुसरा आग्रह येतो. दोन्ही करुणेतून उमटलेले आहेत. म्हणून दोहोंचा विचार आदराने व्हायला हवा.

शास्त्राची हरकत

पहिल्या प्रश्नाला शास्त्राचा आधार आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. अहिंसा-अणुव्रताच्या अतिचारांची आलोचना करताना बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध ही पाच नावे श्रावक-श्राविकांच्या तोंडी येतात. छविच्छेद म्हणजे शरीराच्या अवयवाचा छेद. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत तर निर्लांछन कर्म स्वतंत्रपणे सांगितले आहे. आचार्य हेमचंद्रसूरींनी बाराव्या शतकात 'योगशास्त्रा'च्या तिसऱ्या प्रकाशात त्याचा अर्थ देताना जनावराचे नाक टोचणे, त्याला डाग देणे, त्याचे कान कापणे यांच्या जोडीने वृषणछेदाचाही उल्लेख केला आहे. तेव्हा नसबंदीचे नाव निघताच ज्या आजींच्या कपाळाला आठी पडते, त्या अडाणी नव्हेत. त्यांना आपले प्रतिक्रमण पाठ आहे.

तरीही त्याच शास्त्राने विचाराची वाट मोकळी ठेवली आहे. कर्मादान म्हणजे कर्मबंधाला कारण होणारी उपजीविका. बैल नांगराला जुंपता यावा, जनावर वठणीवर यावे, त्यातून कमाई व्हावी, म्हणून भूल न देता केलेले खच्चीकरण हा निर्लांछनाचा विषय होता. अतिचारांचे विवरण करताना आवश्यकसूत्राच्या टीकाकारांनी 'सापेक्ष' आणि 'निरपेक्ष' असा भेद केला आहे. निर्दयपणे हात, पाय, कान वा नाक कापणे हा निरपेक्ष छेद. त्याच प्राण्याच्या हितासाठी गळू वा गाठ कापणे हा सापेक्ष छेद. निरोगी कुत्र्याच्या नसबंदीला हा भेद जसाच्या तसा लागू होतो असे म्हणणे घाईचे ठरेल. पण प्रश्न कसा विचारावा, हे त्यातून कळते : छेद कोणाच्या हितासाठी, कोणत्या भावाने आणि किती जयणेने?

श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्रमत्तयोग, म्हणजे प्रमादयुक्त प्रवृत्ती, मुळाशी ठेवली आहे. शस्त्र हाती घेणे ही हिंसा डोळ्यांना दिसते. दार उघडे ठेवणे, माजावर आलेली मादी नोकराच्या भरवशावर खाली पाठवणे, आणि दोन महिन्यांनी जन्मलेली पिल्ले 'कोणीतरी घेईल' म्हणून सोडून देणे, यातला प्रमाद सहसा दिसत नाही. तो हिशेबात धरल्यावाचून नसबंदीचा प्रश्न पूर्ण मांडला असे होत नाही.

गर्भाचाही हिशेब

पाचव्या अणुव्रतात, परिग्रह-परिमाणात, श्रावक धन, धान्य, जमीन यांच्याप्रमाणे द्विपद आणि चतुष्पद यांचीही मर्यादा बांधून घेतो. ती मर्यादा कोणकोणत्या वाटांनी चुकवली जाते, हे सांगताना 'योगशास्त्रा'त गर्भाचा निर्देश आहे. पाळलेल्या जनावराच्या पोटातला जीव अजून दिसत नाही, म्हणून त्याला मोजायचे नाही, ही पळवाट आचार्यांनी अतिचारात धरली. आज घरी एक कुत्री आहे आणि तिच्या पोटात पाच पिल्ले आहेत, तर मालकाच्या खात्यावर किती जीव आहेत? व्यापारी घराला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. माल वाटेत असला तरी जबाबदारी सुरू झालेली असते.

कुत्री साधारण सहा महिने ते एक वर्षाच्या वयात प्रथम माजावर येते, आणि पुढे बहुधा दर सहा-आठ महिन्यांनी. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. एका वेताला चार ते सहा पिल्ले सर्वसामान्य. मोठ्या जातींत याहून अधिक. वर्षाला एकच वेत धरले तरी पाच वर्षांत वीस-पंचवीस पिल्ले होतात, आणि त्यांची संतती यात धरलेली नाही. कुत्रा बारा-चौदा वर्षे जगतो. इतक्या पिल्लांसाठी तितक्या वर्षांची घरे कोणत्या नातलगांत मिळणार?

काही घरांत यावर सोपा उपाय सुचवला जातो : पिल्ले विकावीत, हौसही फिटेल आणि खर्चही निघेल. येथे पंधरावे कर्मादान आडवे येते. असतीपोषणाचा अर्थ देताना हेमचंद्राचार्यांनी मैना, पोपट, मांजर, कोंबडा, मोर यांच्याबरोबर कुत्र्याचेही नाव घेतले आहे. धनासाठी त्यांचे पोषण करणे वर्ज्य ठरवले आहे. देशाचा कायदाही येथे सैल नाही. श्वान-प्रजननाविषयीच्या २०१७ च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. अठरा महिन्यांच्या आतील मादीची पैदास करता येत नाही, वर्षात एकाहून अधिक वेत घेता येत नाही आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर छायाचित्र टाकून केलेली घरगुती विक्री धर्माच्या आणि कायद्याच्या अशा दोन्ही कसोट्यांवर उतरत नाही.

मुंबईचा जुना धडा

श्वानांच्या रक्षणाचा वारसा मुंबईच्या व्यापारी समाजाला थेट लाभला आहे. कंपनी सरकारच्या काळात बेवारस कुत्री ठरावीक महिन्यांत मारण्याचा हुकूम होता आणि शिपायांना त्यासाठी दर कुत्र्यामागे बक्षीस मिळे. १८३२ साली ही मुदत वाढवण्यात आली, तेव्हा ६ जून रोजी कोटात पारशी मंडळींनी उघड विरोध केला. दुसऱ्या दिवशी पेढ्या व दुकाने बंद राहिली. हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही त्यात सामील झाले. सैन्याच्या छावणीचा बाजारातून होणारा पुरवठा अडला. शहराच्या इतिहासात हे प्रकरण कुत्र्यांचा दंगा म्हणून नोंदले गेले आहे.

केवळ विरोध करून व्यापारी थांबले नाहीत. १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय आणि जैन समाजाचे अग्रणी शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरात पांजरापोळ उभी राहिली. भायखळ्याचे आदीश्वर देरासर आणि शत्रुंजयावरील मोतीशा टूंक यांच्यामुळे शेठ मोतीशांचे नाव घरोघरी परिचित आहे. ज्या जिवांसाठी पांजरापोळ निघाली त्यांत कुत्री अग्रभागी होती, हे मात्र फारसे आठवले जात नाही. तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वेच्छेने लागा बसवला. जिवाला वाचवायचे तर त्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडेल, हे त्या पिढीने आधी ठरवले.

पांजरापोळीने मृत्यूच्या बाजूचा प्रश्न हाताळला. जन्माच्या बाजूचा प्रश्न दीडशे वर्षे तसाच राहिला आणि त्याची किंमत कुत्र्यांनीच दिली. मुंबई महानगरपालिका विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत भटकी कुत्री पकडून मारत असे. १९९४ पासून ती पद्धत थांबली आणि प्राणिसेवी संस्थांच्या साहाय्याने निर्बीजीकरण व लसीकरणाचा मार्ग स्वीकारला गेला. २००१ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी नियम केले; त्यांची जागा आता २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी घेतली आहे. मुंबईत मारण्याच्या जागी आलेली गोष्ट नसबंदी आहे, हे विसरून तिच्याकडे केवळ छेद म्हणून पाहणे अपुरे आहे.

२०१४ च्या गणनेत मुंबईत ९५,१७२ भटकी कुत्री आढळली. दहा वर्षांनंतरच्या पाहणीत हा आकडा सुमारे ९१ हजार होता. इतक्या वर्षांच्या कामानंतर ही घट मोठी नाही. त्याच्या अनेक कारणांपैकी एक घरांच्या आतून येते. रस्त्यावरच्या कुत्रीची शस्त्रक्रिया होऊन तिच्या कानाला खूण केली जाते, आणि शेजारच्या इमारतीतील पाळीव, नसबंदी न झालेला नर संध्याकाळी साखळी तोडून खाली जातो. किंवा घरची पिल्ले तीन महिन्यांची होताच रखवालदाराच्या हवाली होतात. पाळीव प्राण्याचे लसीकरण, जंतनिर्मूलन आणि निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी असल्याचे २०२३ च्या नियमांत स्पष्ट सांगितले आहे.

सोडलेल्या पिल्लांचे काय होते

'देव त्यांचे बघेल' म्हणून सोडलेल्या पिल्लांचे काय होते, याचा शोध कोलकात्याजवळील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी घेतला. रस्त्यावर जन्मलेल्या ३६४ पिल्लांवर त्यांनी नजर ठेवली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार प्रजननक्षम वयापर्यंत, म्हणजे सुमारे सात महिन्यांपर्यंत, केवळ १९ टक्के पिल्ले जगली. बहुतेक मृत्यूंमागे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष माणूस होता : वाहने, मारहाण, विष, पिल्ले उचलून नेणे. ही पिल्ले निदान रस्त्यावरच्या आईजवळ होती. सदनिकेत वाढून अचानक खाली सोडलेल्या पिल्लाला तेवढाही आधार नसतो.

बोरिवली आणि मुलुंड यांच्यासाठी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. दोन्ही उपनगरे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहेत. तेथील बिबट्यांच्या आहाराचे जे अभ्यास झाले, त्यांत कुत्रा हे त्यांचे एक महत्त्वाचे भक्ष्य असल्याचे दिसून आले. नको झालेली पिल्ले 'तिथे मोकळी जागा आहे' म्हणून उद्यानाच्या कडेला वा आरेच्या रस्त्याला सोडणारा मनुष्य त्या पिल्लाला बिबट्याच्या तोंडी देतो, आणि बिबट्याला वस्तीकडे बोलावतो. २००४ साली उद्यानाच्या आसपास बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली, तो काळ या भागातील जुन्या रहिवाशांना ठाऊक आहे. एका दुर्लक्षामागे तीन जिवांना धोका उभा राहतो : पिल्लाला, माणसाला आणि अखेर त्या बिबट्यालाही.

शरीराचे हित आणि मर्यादा

आता दुसरा आग्रह : एकदा तरी तिला आई होऊ द्यावे. मातृत्वाविषयीचा हा आदर माणसाच्या अनुभवातून आलेला आहे. कुत्रीला माज येतो तो संप्रेरकांमुळे. एक वेत झाल्याने तिची प्रकृती सुधारते, असा कोणताही वैद्यकीय पुरावा नाही. उलट पग किंवा बुलडॉगसारख्या जातींत प्रसूती अडण्याचे प्रमाण मोठे आहे आणि पोट चिरून पिल्ले काढावी लागतात. जी शस्त्रक्रिया टाळायची होती, तिच्याहून अवघड शस्त्रक्रिया तातडीने, रात्री-अपरात्री करावी लागते.

न केलेल्या नसबंदीलाही किंमत असते. वय वाढलेल्या मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा विकार, ज्याला पशुवैद्य पायोमेट्रा म्हणतात, सर्रास आढळतो. स्वीडनमधील विमा-नोंदींच्या अभ्यासांत दहा वर्षांच्या वयापर्यंत नसबंदी न झालेल्या साधारण दर चार माद्यांपैकी एकीला तो झाल्याचे दिसले. फार पाणी पिणे, सुस्ती, उलट्या आणि कधी मायांगातून पू येणे ही लक्षणे. वेळीच शस्त्रक्रिया न झाल्यास प्राण जातो. स्तनांच्या गाठींविषयी १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या माजापूर्वी नसबंदी झालेल्या माद्यांत धोका अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली आलेला आढळला. पहिल्या माजानंतर तो ८ टक्के आणि दुसऱ्यानंतर २६ टक्के होता. पुढील संशोधकांनी या आकड्यांच्या नेमकेपणाविषयी शंका घेतल्या आहेत; तरी लवकर झालेली नसबंदी स्तनांना संरक्षण देते, असे मत पशुवैद्यकात रूढ आहे.

नराच्या बाबतीत 'त्याला कुठे पिल्ले होणार' म्हणून विषय सोडला जातो. वास्तविक एक नर अनेक वेतांना कारण होतो. माजावरच्या मादीचा वास त्याला दुरून येतो. तो घरातून निसटतो, मारामारी करतो, वाहनाखाली सापडतो. समागमातून पसरणारी जननेंद्रियांची गाठ भारतातील भटक्या कुत्र्यांत बरीच आढळते आणि घरचा नर ती सहज घेऊन येतो. नसबंदीने वृषणांच्या कर्करोगाचा प्रश्न उरत नाही आणि उतारवयात प्रोस्टेट ग्रंथी सुजण्याचा त्रास टळतो.

तोटेही सांगितले पाहिजेत. नसबंदीनंतर शरीराची भूक वाढते आणि गरज कमी होते. आहार मोजला नाही तर वजन चढते. काही माद्यांना पुढे लघवी रोखण्याचा त्रास होतो. गोल्डन रिट्रिव्हरसारख्या मोठ्या जातींत फार लवकर केलेल्या शस्त्रक्रियेचा सांध्यांच्या विकारांशी संबंध आढळला आहे. म्हणून एकच वय सर्वांना लागू करता येत नाही. लहान जातींसाठी सहा महिन्यांच्या आसपास आणि मोठ्या जातींसाठी एक ते दीड वर्ष, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. निर्णय पशुवैद्याशी बोलून घ्यावा. माज थांबवण्याची संप्रेरकांची इंजेक्शने मात्र सोपी वाटली तरी टाळावीत; त्यांनी गर्भाशयाचे आणि स्तनांचे विकार वाढतात.

जयणा कोठे पाळावी

निर्णय झाल्यावर श्रावकाची खरी परीक्षा तपशिलात असते. शस्त्रक्रियेपूर्वी रक्ततपासणी करून घ्यावी. वयस्क किंवा चपट्या तोंडाच्या कुत्र्याला भूल देताना विशेष दक्षता लागते. उपाशी किती तास ठेवायचे, हे पशुवैद्याकडून नेमके विचारावे. वेदनाशामक औषध कोणते आणि किती दिवस, हा प्रश्न संकोच न करता करावा, कारण जनावर वेदना बोलून दाखवत नाही. टाके भरून येण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर गळ्यात पट्टा-कोन, लिफ्टने ये-जा, उड्या नाहीत, आंघोळ नाही. घरातील एका व्यक्तीने ही जबाबदारी नावानिशी घ्यावी. परळ येथे प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी १८७४ साली स्थापन झालेल्या संस्थेचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय येथे जाणकारांचा सल्ला मिळतो. उपनगरांतही खासगी पशुवैद्य आहेत.

ज्या कुटुंबाला व्रतामुळे नसबंदी स्वीकारता येत नाही, त्याच्यापुढेही प्रामाणिक वाटा आहेत. कुत्रा न पाळता गल्लीतील जिवांची सेवा करावी. आवश्यकसूत्राच्या त्याच विवरणात श्रावकाने न बांधता राहतील असेच प्राणी शक्यतो ठेवावेत, असा सल्ला आहे. पाळायचाच असेल तर आधीच निर्बीजीकरण झालेला, घराविना राहिलेला प्राणी दत्तक घ्यावा. त्यात नवा छेदही होत नाही आणि एका जिवाला आसरा मिळतो. आणि घरी मादी असेलच, तर माजाचे सुमारे तीन आठवडे तिला क्षणभरही एकटी बाहेर न सोडण्याची शिस्त पाळावी. छेद नको आणि पहाराही नको, असे मात्र चालणार नाही.

नसबंदीला पुण्य म्हणण्याची गरज नाही. तो एक छेद आहे. आलोचना करताना त्याचे नाव घ्यावे लागेल आणि घ्यावेच. पण ज्या पिल्लांना आपण घर देऊ शकलो नाही, त्यांचीही आलोचना त्याच पाटावर बसून करावी लागते. कोणता दोष पत्करायचा, हे प्रत्येक कुटुंबाने आपल्या गुरुमहाराजांच्या मार्गदर्शनाने ठरवावे.

संघांनाही एक विचार करता येईल. जीवदया खात्यातील द्रव्य जिवांसाठीच वापरायचे असते आणि दर पर्युषणात ते उदारपणे जमा होते. ते मुख्यतः पांजरापोळींना, चाऱ्याला आणि औषधोपचाराला जाते, हे योग्यच आहे. रखवालदार, घरकामाच्या बाया, फेरीवाले यांनी प्रेमाने सांभाळलेल्या कुत्र्यांची लस आणि नसबंदी खर्चाअभावी राहून जाते. या खात्यातून तो खर्च करता येईल का, की त्यासाठी वेगळा फंड उभारावा, हा प्रश्न प्रत्येक संघाच्या विश्वस्तांनी यंदाच्या चातुर्मासात बिराजमान असलेल्या साधु-साध्वी भगवंतांपुढे ठेवावा. शेठ मोतीशांच्या पिढीने मालावर लागा बसवताना असाच प्रश्न एकत्र बसून सोडवला होता.